भाचीला फेडरल न्यायाधीश व्हायचं असेल तर

नाशिकच्या एका मामांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची भाची न्यू जर्सीत लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीच्या फोनवर तिने जाहीर केलं, की मला फेडरल डिस्ट्रिक्ट जज, म्हणजे केंद्राच्या कोर्टातली जिल्हा न्यायाधीश, व्हायचंय. मामांनी विचारलंय ते असं: परीक्षा कोणती, वयाची अट काय, बदल्या कुठे होतात, पगार किती, आणि घरसंसार सांभाळून मुलीला ते झेपेल का. शेवटी त्यांनी लिहिलंय, "जिल्हा न्यायाधीश म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे, तिकडेही तसंच असणार."

मामा, सगळा गोंधळ त्या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आधी मी कोण ते सांगते. पुण्यात कायद्याची पदवी घेतली, शिवाजीनगर कोर्टात दोन वर्षं एका सिनियरांच्या हाताखाली काढली, लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि पुन्हा तीन वर्षं लॉ स्कूल केलं. त्यानंतर दोन वर्षं एका फेडरल जिल्हा न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क होते, म्हणजे त्यांच्यासाठी कायद्याचं संशोधन आणि मसुदे करणारी तरुण वकील. गेली अठरा वर्षं फेडरल कोर्टात आरोपींच्या बाजूने उभी राहते. त्यातली बरीच कामं कोर्टाने नेमून दिलेली असतात, कारण त्या माणसांना वकील परवडत नाही. मी स्वतः न्यायाधीश नाही. चेंबरमध्ये जे ऐकलं ते आयुष्यभर बाहेर बोलायचं नाही हा क्लार्कचा धर्म, त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते उघड्या कोर्टात कुणालाही दिसणारं आहे किंवा सर्वांना माहीत असलेलं.

आपल्याकडे पंचविशीतला मुलगा एमपीएससीची परीक्षा देतो, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी (जेएमएफसी) होऊन तालुक्याला बसतो. दर तीनेक वर्षांनी बदली, मग वरिष्ठ स्तर, पुढे जिल्हा न्यायाधीश, साठीला निवृत्ती. ती एक शिडी आहे. अमेरिकेच्या फेडरल व्यवस्थेत अशी शिडी नाही. 'डिस्ट्रिक्ट' हा फक्त भूभाग. देशाचे असे ९४ भाग केलेले आहेत. अख्खं न्यू जर्सी राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, त्यात न्यायाधीशांची १७ पदं, आणि कोर्टं नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला. न्यूयॉर्कचे मात्र चार भाग आहेत. घटस्फोट, भाडेकरू, वारसा, बहुतेक खून-मारामाऱ्या हे सगळं राज्याच्या कोर्टांत चालतं, ती यंत्रणाच वेगळी. फेडरल न्यायाधीशापुढे येतात ते फेडरल कायद्याखालचे गुन्हे, राज्यघटनेचे प्रश्न, पेटंट, नोकरीतला भेदभाव, आणि दोन राज्यांतल्या पक्षकारांचे ७५,००० डॉलरच्या वरचे दावे. आपल्याकडची जवळची तुलना हवी असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, एकटे बसणारे न्यायमूर्ती डोळ्यांपुढे आणा. साक्षीपुरावाही तेच ऐकतात आणि वेळ आली तर सरकारचा हुकूमही तेच रद्द करतात. अमेरिकेत तर फेडरल जिल्हा न्यायाधीश संसदेने केलेला कायदाही घटनाबाह्य ठरवू शकतो, एकट्याच्या सहीने. वर अपील होतंच, न्यू जर्सीचं अपील फिलाडेल्फियाला जातं, पण पहिली सही त्याची.

आता परीक्षेचं. परीक्षा नाही. घटनेत वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, मतदानाने मंजूर करतं. एवढंच लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षात जे घडतं ते या ओळीत मावत नाही.

जिल्हा न्यायाधीशाच्या जागेसाठी त्या राज्याच्या दोन सिनेटरांचा शब्द फार चालतो. अनेक सिनेटर आपापल्या राज्यात वकिलांची एक समिती नेमतात, ती अर्ज मागवते, मुलाखती घेते, नावं पुढे पाठवते. सिनेटच्या न्याय समितीकडून त्या दोघांना एक निळा कागद जातो, त्याला 'ब्लू स्लिप' म्हणतात. तो परत आला नाही तर ते नाव बहुतेक वेळा तिथेच अडकतं. याला कायद्याचा आधार नाही, शंभरेक वर्षांची प्रथा आहे. याशिवाय एफबीआयची चौकशी, आणि एक लांबलचक प्रश्नावली, जिच्यात उमेदवाराने आयुष्यभर काय लिहिलं, कुठे भाषण केलं, कोणते खटले लढवले, हे सगळं मांडायचं असतं. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना उमेदवाराची पात्रता तपासताना साधारण बारा वर्षांची वकिली अपेक्षित धरते. म्हणून बहुतेक नेमणुका चाळिशीच्या उत्तरार्धात किंवा पन्नाशीत होतात. पस्तिशीत होणं अशक्य नाही, पण त्या हिशेबाने आयुष्य आखू नये.

इथे मी प्रामाणिकपणे सांगते की यातला मोठा भाग भाचीच्या हातात नाही. तिची तयारी पूर्ण होईल त्या वर्षी राज्यात जागा रिकामी असेल का, राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचे असतील, सिनेटर कोण असतील, यावर सगळं अवलंबून. मी ओळखते त्या उत्तम वकिलांपैकी कित्येकांची वेळ कधी जुळलीच नाही. २०१३ पासून साध्या बहुमताने मंजुरी मिळते, त्यामुळे वाट थोडी मोकळी झाली, पण राजकारणाचा रंगही गडद झाला.

वाट एकच नाही हे मात्र तिला सांगा, आणि भारतीय वंशाच्या न्यायाधीशांचीच उदाहरणं द्या. अमूल थापर केंटकीत सरकारी वकील होते. २००७ साली सिनेटने त्यांना मंजुरी दिली आणि ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले फेडरल जिल्हा न्यायाधीश झाले. पुढे ते अपील कोर्टात गेले. वॉशिंग्टनचे अमित मेहता यांचा जन्म गुजरातेतल्या पाटणचा. गूगलने सर्चमध्ये बेकायदा मक्तेदारी टिकवली असा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनीच दिला. ते एकेकाळी गरीब आरोपींचे सरकारने नेमलेले बचाव वकील होते. बॉस्टनच्या इंदिरा तलवानी कामगारांच्या आणि संघटनांच्या वकील होत्या. शिकागोचे मनीष शाह सरकारी वकिलांच्या कचेरीतून आले, सॅन फ्रान्सिस्कोचे विन्स छाब्रिया महापालिकेच्या वकिली कचेरीतून. या चौघांच्याही नेमणुका २०१४ च्या. कुणी आरोप ठेवणारा, कुणी बचाव करणारा, कुणी कामगारांचा, कुणी शहराचा. सारखेपणा एवढाच की सगळ्यांनी कोर्टात उभं राहून कामं चालवली होती.

आता मूळ मुद्दा. मामा, तुम्ही पदाबद्दल विचारलंत. भाचीने स्वतःला विचारायला हवा तो प्रश्न कामाबद्दलचा आहे, आणि ते काम बाहेरून दिसतं त्याहून फार एकाकी आहे.

अपील कोर्टात तीन न्यायाधीश एकत्र बसतात, चर्चा करतात, एकमेकांचे मसुदे वाचतात. ट्रायल जज, म्हणजे खटला चालवणारा जिल्हा न्यायाधीश, एकटा. केस कुणाकडे जाणार हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो, त्याला अजूनही 'व्हील' म्हणतात, म्हणजे चाक. त्या चाकातून सोमवारी पेटंटचा दावा येतो, मंगळवारी तुरुंगातल्या कैद्याने हाताने लिहिलेला अर्ज, बुधवारी बँकेला गंडवल्याचं आरोपपत्र. कोणत्याच विषयाचा तो तज्ज्ञ नसतो आणि प्रत्येक विषयात त्याला निर्णय द्यायचा असतो. हाताशी दोन-तीन लॉ क्लार्क, पंचविशी-तिशीतली हुशार मुलं, वर्ष-दोन वर्षांनी बदलणारी. एक मॅजिस्ट्रेट न्यायाधीश असतात, आठ वर्षांच्या मुदतीवर नेमलेले, ते सुरुवातीची वॉरंटं, जामीन आणि कागदपत्रांचे तंटे बघतात. पण शेवटची सही जिल्हा न्यायाधीशाची.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तथ्यं. कोण खरं बोलतंय, त्या रात्री गाडी कुणी थांबवली, संमती दिली होती की नाही, हे न्यायाधीशाने एकदा ठरवलं की अपील कोर्ट सहसा हात लावत नाही. उघड उघड चूक दिसली तरच बदलतं. कारण साक्षीदाराचा चेहरा त्याने पाहिला, वरच्यांच्या हाती फक्त टंकलिखित कागद. कायद्याचा अर्थ चुकला तर वर दुरुस्त होतो. माणूस ओळखण्यात चुकलं तर ती चूक बहुधा तशीच राहते. या कामाचं ओझं मला यात दिसतं, आणि क्लार्क असतानाच ते मनावर बसलं.

सिनेमात दिसतो तसा ज्युरीपुढचा, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढचा, खटला रोज चालत नाही. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो आणि पुढे ती पद्धतच गेली. अमेरिकेत ती घटनेतच आहे. फौजदारी खटल्यात बारा जणांचं एकमत लागतं. तरी फेडरल आरोपींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्हा कबूल करतात, शेवटपर्यंत खटला लढवणारे शंभरात दोन-तीन. दिवाणी दाव्यांत तर शंभरात एखादाच खटल्यापर्यंत पोचतो. मग न्यायाधीश दिवसभर काय करतात? सकाळी बोर्डावर तारखा, कबुलीच्या सुनावण्या, वकिलांशी बैठका, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत वाचन. शंभर-दोनशे पानांचे अर्ज, त्यावर उत्तरं, उत्तरावर प्रत्युत्तरं. दावा चालण्याजोगा आहे का, तज्ज्ञाची साक्ष ज्युरीपुढे जाऊ द्यायची का, पोलिसांनी घेतलेली झडती कायदेशीर होती का. यातल्या एकेका हुकमाने खटला संपतो किंवा तडजोड होते, ज्युरीपर्यंत जायची वेळच येत नाही. जिला वाचनाचा कंटाळा, तिने या वाटेला जाऊ नये, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला स्पष्ट सांगते.

पण खरं काम शिक्षा सुनावण्याचं. आयुष्यभर हे काम केलेल्या न्यायाधीशांना विचारा, बहुतेक जण हेच उत्तर देतील.

१९८७ पर्यंत फेडरल न्यायाधीशाला शिक्षेत जवळजवळ मोकळा हात होता. एकाच गुन्ह्याला एका कोर्टात दोन वर्षं, शेजारच्या कोर्टात दहा. हा फरक मिटवायला १९८४ च्या कायद्याने एक आयोग नेमला आणि त्याने एक तक्ता बनवला. उभे ४३ स्तर गुन्ह्याच्या गांभीर्याचे, आडवे सहा रकाने आरोपीच्या पूर्वीच्या गुन्ह्यांचे. दोन्ही जिथे छेदतात तिथे महिन्यांत शिक्षा लिहिलेली. त्याच कायद्याने फेडरल पॅरोलही बंद केला. सतरा वर्षं हा तक्ता बंधनकारक होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुकर खटल्यात त्याला सल्ल्याचा दर्जा दिला. आता न्यायाधीशाने आधी तक्ता बघायचा, मग माणूस बघायचा, आणि पुरेशी, पण गरजेपेक्षा जास्त नाही, अशी शिक्षा द्यायची. तरी संसदेने ठरवलेल्या किमान शिक्षा आहेतच. क्रॅक, म्हणजे खड्यांच्या रूपातलं कोकेन, २८ ग्रॅम विकायला जवळ बाळगलं की पाच वर्षं. पावडर कोकेनला तीच पाच वर्षं लागायला ५०० ग्रॅम लागतात. २०१० पर्यंत ही तफावत शंभरपट होती, आता अठरापट आहे. ही शिक्षा मला अन्यायाची वाटते पण माझे हात बांधलेले आहेत, असं भर कोर्टात नोंदवून घेणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत. आणि मग त्यांनी तीच शिक्षा सुनावली, कारण कायदा तो होता. अशा वेळी त्यांच्याकडे बघवत नाही.

माझ्या पहिल्या शिक्षा-सुनावणीची गोष्ट सांगते. अशील चोवीस वर्षांचा होता. मी वीस मिनिटं युक्तिवाद केला, निवाडे सांगितले, तक्त्यातला स्तर दोनने कमी का असावा ते मांडलं. न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला: "मागच्या बाकावर त्याची आई बसली आहे. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अहवालात लिहिलंय की तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हा आत गेल्यावर तिला कोण नेणार?" मला माहीत नव्हतं. अहवाल मी वाचला होता, पण त्या ओळीवर थांबले नव्हते. त्यांनी सुनावणी आठ दिवस तहकूब केली आणि सांगितलं, की हे शोधून या. मी गेले, त्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसले, शेजारणीशी बोलले, बहिणीला फोन केला. आठ दिवसांनी शिक्षा झाली, तुरुंगवासच झाला, पण तक्त्यापेक्षा कमी, आणि आत जायची तारीख बहीण गावाहून येईपर्यंत पुढे दिली. तेव्हापासून मी कोणत्याही शिक्षेच्या कामाची तयारी घरापासून करते. आणि न्यायाधीश व्हायचं म्हणणाऱ्याला विचारते, ती ओळ तुझ्या नजरेला थांबवेल का?

एकदा सुनावलेली शिक्षा न्यायाधीशाला मनात आलं म्हणून बदलता येत नाही. आकडेमोडीसारखी ढोबळ चूक झाली असेल तर चौदा दिवस, त्यानंतर दार बंद. रात्री झोप लागत नाही म्हणतात ते यामुळे.

आयुष्यभराच्या नेमणुकीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, कारण तशी कल्पनाच आपल्याकडे नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की वर्तन चांगलं असेतोवर पद राहील आणि पदावर असताना पगार कमी करता येणार नाही. बदली नाही, निवृत्तीचं वय नाही. काढायचं तर महाभियोग हाच मार्ग. पहिला असा न्यायाधीश न्यू हॅम्पशायरचा जॉन पिकरिंग, १८०४ मध्ये. तेव्हापासून आजवर १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग चालला आणि आठ जणांना जावं लागलं. दोनशे वर्षांत आठ. मग धाक कसला, असं कुणी विचारेल. एक साधी यादी असते. सहा महिन्यांहून जास्त काळ ज्याच्याकडे अर्ज निर्णयाविना पडून आहे त्या न्यायाधीशाचं नाव वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, जाहीर होतं. शिक्षा काही नाही, फक्त नाव. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चेंबरमधले दिवे किती वाजेपर्यंत चालू असतात ते मी अनुभवलंय.

एवढं संरक्षण कशासाठी ते समजून घ्यायचं तर अलाबामातल्या फ्रँक जॉन्सनकडे बघा. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलं आणि ते पदावर बसले तेव्हा ३७ वर्षांचे होते. महिन्याभरात त्याच माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे का, हा खटला १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांपुढे आला. दोन विरुद्ध एक मताने तो भेद गेला, आणि त्या दोघांत सर्वांत तरुण न्यायाधीश जॉन्सन होते. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी देणारा हुकूमही त्यांचाच. राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस लॉ स्कूलमध्ये त्यांच्याबरोबर शिकलेले, आणि तेच जाहीर सभांतून त्यांच्यावर तुटून पडत. जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रूस जाळला, १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बाँब टाकला. घराभोवती वर्षानुवर्षं पहारा होता. त्याच गावात राहायचं, तिथल्याच दुकानात जायचं, तिथल्याच चर्चमध्ये बसायचं. दर पाच वर्षांनी मतं मागायची असती तर हे निकाल आले असते का? साउथ कॅरोलायनात वेटीझ वॉरिंग यांनी १९५१ मध्ये शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध एकट्याने वेगळं मत लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या चार्ल्सटनने त्यांना इतकं वाळीत टाकलं, की पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला निघून गेले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्याच मतावर आलं.

'मुलीला झेपेल का' या प्रश्नाला मी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचं नाव सांगते. १९६६ मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात नेमणूक झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री फेडरल न्यायाधीश. १९७५ मध्ये एका मोठ्या फर्मविरुद्ध स्त्री वकिलांशी भेदभाव केल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. फर्मच्या बाजूने मागणी झाली की न्यायाधीश स्वतः स्त्री आणि कृष्णवर्णीय, त्यांनी यातून बाजूला व्हावं. त्यांनी नकार दिला. वंश किंवा लिंग हे कारण पुरेसं मानलं तर हा दावा कोणीच ऐकू शकणार नाही, कारण प्रत्येक न्यायाधीशाला दोन्ही असतंच, असा त्यांच्या उत्तराचा आशय. संसाराचं म्हणाल, तर तारखा न्यायाधीश स्वतः ठरवतो, त्या अर्थाने हे काम मोठ्या फर्मपेक्षा सोयीचं आहे. खटला सुरू असेल ते आठवडे मात्र घर दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावं लागतं.

पगार २०२५ मध्ये वर्षाला २,४७,४०० डॉलर होता. तुम्हाला हा आकडा मोठा वाटेल. पण न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये लॉ स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या वकिलाला त्या वर्षी २,२५,००० डॉलर आणि वर बोनस मिळत होता. त्याच फर्ममधला भागीदार न्यायाधीश होतो तेव्हा त्याचं उत्पन्न एकदम खाली येतं. शिवाय दरवर्षी मालमत्तेचं जाहीर विवरण. एखाद्या कंपनीचा एक शेअर जरी नावावर असला, तरी त्या कंपनीचा खटला घेता येत नाही. राजकीय सभेला जायचं नाही, कुणाला पाठिंबा द्यायचा नाही. आपल्या माणसांसाठी उदाहरण सांगायचं तर, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला येऊन आरतीला उभं राहता येईल, पण वर्गणीसाठी फोन करता येणार नाही. जुन्या वकील मित्रांबरोबर जेवायला जाणं हळूहळू कमी होतं, कारण उद्या तेच समोर उभे असतात. नेमणुकीनंतर फोन वाजायचा थांबतो, असं मी एकाहून अधिक न्यायाधीशांना व्याख्यानात सांगताना ऐकलं आहे.

धोका खरा आहे, तो लपवत नाही. २०२० च्या जुलैमध्ये आमच्याच न्यू जर्सीत न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी पार्सल देणारा असल्याच्या बहाण्याने एक माणूस आला. त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या एकुलत्या एक मुलाला गोळ्या घालून मारलं आणि पतीला गंभीर जखमी केलं. तो एक वकीलच होता, त्यांच्यापुढे त्याची केस होती. त्या मुलाच्या नावाने २०२२ च्या डिसेंबरात कायदा झाला, ज्यामुळे न्यायाधीशांचे घरचे पत्ते इंटरनेटवरून काढून टाकता येतात. न्यायाधीश सालास कामावर परतल्या.

निवृत्तीचंही सांगते. ६५ वय आणि १५ वर्षं सेवा, किंवा ७० वय आणि १० वर्षं, असा हिशेब जुळला की पूर्ण पगारावर निवृत्त होता येतं. पण बरेच जण 'सीनियर' दर्जा घेतात, म्हणजे जागा नव्या न्यायाधीशासाठी मोकळी होते आणि स्वतः कमी कामं घेऊन बसत राहतात. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन १९६२ मध्ये केनेडींनी नेमलेले. २०१२ च्या जानेवारीत वारले तेव्हा १०४ वर्षांचे होते आणि पदावरच होते.

आता भाचीने काय करावं. ती अमेरिकेची नागरिक आहे की ग्रीन कार्डावर की विद्यार्थी व्हिसावर, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि पहिल्या काही पायऱ्या त्यावर ठरतात. फेडरल सरकारी वकिलाच्या नोकरीला नागरिकत्व लागतंच. लॉ क्लार्कच्या पगारी जागेसाठीही परदेशी नागरिकांवर बंधनं आहेत, ग्रीन कार्डवाल्यांना काही अटींवर वाट आहे. हे तिने आधी तिच्या लॉ स्कूलच्या करिअर कचेरीत विचारावं. पात्र असेल तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस 'ऑस्कर' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून जिल्हा न्यायाधीशांकडे क्लार्कशिपचे अर्ज करावेत. सगळे मॅनहॅटनला अर्ज करतात. तिने लहान शहरांतल्या न्यायाधीशांकडेही करावेत, तिथे कोर्टात बसायला जास्त मिळतं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षं अशी वकिली करावी की ज्यात साक्षीदार उभे करायचे आणि उलटतपास घ्यायचा. सरकारी बाजूने की बचावाच्या, हे मी सांगणार नाही. माझं मन कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल, पण चांगले न्यायाधीश दोन्हीकडून आले आहेत. जिथे न्यायाधीश व्हायचं त्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहून करावी, कारण सिनेटरांची समिती शेवटी तिथल्याच वकिलांना विचारते, ही बाई कशी आहे.

आणि या सगळ्याच्या आधी, याच महिन्यात, तिने एक काम करावं. नेवार्कच्या फेडरल कोर्टात जावं. सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात, पास लागत नाही, दारात ओळखपत्र दाखवायचं आणि तपासणीतून आत जायचं. तारखांची यादी बघून कबुलीची एक सुनावणी आणि शिक्षेची एक सुनावणी शोधावी. कबुलीच्या वेळी न्यायाधीश आरोपीला एकामागून एक प्रश्न विचारतात, तुला समजतंय ना, कुणी जबरदस्ती केली नाही ना, ते पूर्ण ऐकावं. शिक्षेच्या सुनावणीत मागच्या बाकावर, घरच्या माणसांच्या रांगेत बसावं. वकील बोलतील, आरोपी बोलेल, मग न्यायाधीश बोलायच्या आधी थोडा वेळ शांतता असते. त्या वेळी तिने न्यायाधीशांकडे बघावं आणि संध्याकाळी तुम्हाला फोन करावा. त्यानंतरही तिला तिथे बसायचं असेल, तर क्लार्कशिपचा पहिला अर्ज तिने मला पाठवावा, मी वाचून देईन.